विंडोजसोबत लिनक्सही हवंय? आधीचा बूट लोडर न बिघडवता ड्युअल बूट कसं करायचं?

घरात लॅपटॉप एकच. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलसाठी तिला लिनक्स हवंय. वडिलांच्या दुकानाचं सगळं खातं त्याच लॅपटॉपवर, टॅलीमध्ये. मुलीने रात्री व्हिडिओ बघत बघत उबंटू टाकलं. सकाळी वडिलांनी लॅपटॉप सुरू केला तर विंडोजचा पत्ता नाही, काळ्या पडद्यावर 'ग्रब' असा एक शब्द आणि लुकलुकणारा कर्सर.

नागपूर असो की अमरावती, असा प्रसंग कॉलेजात जाणारी मुलं असलेल्या कुठल्याही घरात घडू शकतो. मग लॅपटॉप सीताबर्डीला मोदी नंबर दोन किंवा तीनच्या गल्लीत एखाद्या दुकानात जातो, आणि 'फॉरमॅट मारून देतो' हे उत्तर मिळतं. खरी गंमत, किंवा खरं दुःख, असं आहे की बहुतेक वेळा त्या क्षणापर्यंत टॅलीचा डेटा जागच्या जागी सुखरूप असतो. तो जातो फॉरमॅट मारल्यावर.

त्यामुळे ड्युअल बूट, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवणं, करायचं असेल तर 'कुठलं बटण दाबायचं' याच्या आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती म्हणजे बूट लोडर.

लोक ड्युअल बूट करतात तरी का?

एक कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. चांगल्या चालणाऱ्या अनेक जुन्या लॅपटॉपना ही अट पूर्ण करता येत नाही, आणि त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू छान चालतं.

दुसरं कारण शिक्षण आणि काम. सर्व्हरच्या जगात लिनक्सचंच राज्य आहे. आपल्याकडच्या सरकारी यंत्रणेतही ते आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा न्यायालयांच्या कॉम्प्युटरसाठी उबंटू निवडलं गेलं, आणि त्यावर चालणारी खटल्यांची नोंदप्रणाली पुण्याच्या एनआयसीने तयार केली. सी-डॅकने तर 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्सच काढलं आहे.

मग विंडोज काढूनच का टाकत नाहीत? कारण रोजची भाकरी तिथे आहे. टॅली विंडोजवर चालतं. डीटीपीवाल्यांचं श्रीलिपी आणि कृतिदेवमधलं वर्षानुवर्षांचं काम विंडोजवर आहे. डिजिटल सिग्नेचरचं टोकन, जुना प्रिंटर, स्कॅनर, सगळ्यांचे ड्रायव्हर विंडोज गृहीत धरून आलेले असतात. म्हणून दोन्ही हवं असतं.

इथे एक स्पष्ट मत नोंदवते. फक्त कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं शेल स्क्रिप्ट आणि सी प्रोग्रॅम चालवायचे असतील, तर ड्युअल बूटची गरजच नाही. विंडोजमध्येच 'विंडोज सबसिस्टीम फॉर लिनक्स' मोफत मिळतं, किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू चालवता येतं. दोन्हींत बूट लोडरला हातही लागत नाही. लिनक्स पूर्ण वेगाने वापरायचं असेल, हार्डवेअरशी थेट काम असेल किंवा लॅपटॉपची रॅम व्हर्च्युअल मशीनला पुरत नसेल, तरच पुढे वाचा.

बूट लोडर म्हणजे नेमकं काय?

पॉवर बटण दाबल्यावर कॉम्प्युटरला विंडोज किंवा लिनक्स म्हणजे काय हे ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो आधी जागा होतो. याला फर्मवेअर म्हणतात. बोलीत आपण अजूनही 'बायोस'च म्हणतो. तो कीबोर्ड, रॅम, डिस्क तपासतो आणि मग डिस्कवरच्या एका छोट्या प्रोग्रॅमला शोधून त्याच्या हाती सूत्रं देतो. हा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूट लोडर. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवरून उचलून रॅममध्ये आणायचं काम त्याचं.

विंडोजचा बूट लोडर म्हणजे 'विंडोज बूट मॅनेजर'. लिनक्सवर सर्वाधिक वापरला जाणारा म्हणजे ग्रब. या दोघांच्या स्वभावात फरक आहे. ग्रब लिनक्सही सुरू करू शकतं आणि विंडोज बूट मॅनेजरकडे सूत्रंही देऊ शकतं. विंडोज बूट मॅनेजर मात्र आपल्या घरापुरतं बघतं. शेजारी लिनक्स आहे याची ते स्वतःहून दखल घेत नाही. म्हणूनच 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा क्रम सांगितला जातो.

जुन्या पद्धतीत खरोखर 'पुसलं' जायचं

हा भाग जुन्या डेस्कटॉपवाल्यांसाठी महत्त्वाचा आहे. १९८३ पासून चालत आलेल्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सना मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर म्हणतात. त्यातले ४४६ बाइट्स बूट लोडरच्या कोडसाठी, ६४ बाइट्स चार पार्टिशनच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट्स सहीसारखी खूण म्हणून.

एका डिस्कवर अशी जागा एकच. ग्रब तिथे बसलं की विंडोजचा कोड गेला, आणि नंतर विंडोज पुन्हा टाकलं की ग्रब गेलं. एकच खुर्ची आणि दोन दावेदार. ड्युअल बूटबद्दलची बहुतेक भीती, आणि इंटरनेटवरचे बहुतेक जुने सल्ले, याच काळातले आहेत.

ज्यांचा कॉम्प्युटर अजून या पद्धतीचा आहे त्यांनाही वाट आहे. लिनक्स मिंटसारख्या इन्स्टॉलरमध्ये 'डिव्हाइस फॉर बूट लोडर इन्स्टॉलेशन' असा रकाना येतो. तिथे पूर्ण डिस्क न निवडता लिनक्सचं पार्टिशन निवडलं, तर ग्रब त्या पार्टिशनच्या सुरुवातीला बसतं आणि एमबीआर जसाच्या तसा राहतो. मग विंडोजमध्ये ईझीबीसीडीसारखं साधन वापरून विंडोजच्या मेन्यूत लिनक्सची नोंद करावी लागते. ग्रब बनवणारे मात्र ही मांडणी भरवशाची मानत नाहीत, आणि इन्स्टॉल होताना ते तसा इशाराही देतं. सोपा आणि पक्का उपाय दुसरी डिस्क हाच, त्याबद्दल पुढे.

यूईएफआयमुळे काय बदललं?

२०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासूनचे जवळपास सगळे लॅपटॉप यूईएफआय पद्धतीचे आहेत. यात खुर्ची एक नाही, बाकडं आहे.

डिस्कवर एक लहानसं पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टीम पार्टिशन, थोडक्यात ईएसपी. त्याची रचना फॅट३२, म्हणजे साध्या पेनड्राइव्हसारखी. विंडोज ते बहुधा १०० एमबीच्या आसपास करून ठेवतं, आणि 'धिस पीसी'मध्ये ते दिसत नाही. त्यात 'ईएफआय' नावाचा फोल्डर, त्याच्या आत 'मायक्रोसॉफ्ट' नावाचा फोल्डर, आणि त्यात विंडोज बूट मॅनेजरची फाइल. उबंटू टाकलं की शेजारी 'उबंटू' नावाचा दुसरा फोल्डर तयार होतो आणि ग्रबच्या फाइल त्यात जातात. दोन फोल्डर, शेजारी शेजारी. कुणी कुणाला पुसत नाही.

मग त्या मुलीच्या लॅपटॉपवर विंडोज गायब का झालं? कारण मदरबोर्डच्या स्मृतीत एक यादी असते: आधी कोणता बूट लोडर बघायचा, मग कोणता. लिनक्सचा इन्स्टॉलर स्वतःचं नाव त्या यादीत सर्वांत वर टाकतो. विंडोज बूट मॅनेजर दुसऱ्या क्रमांकावर गेलेलं असतं. त्यातून ग्रबला स्वतःच्या बाकीच्या फाइल सापडल्या नाहीत, तर ते काळ्या पडद्यावर अडकतं आणि घरच्यांना वाटतं सगळं गेलं.

हे एकदा लक्षात आलं की प्रश्नाचं रूप बदलतं. यूईएफआयमध्ये 'बूट लोडर पुसू नये' म्हणजे प्रत्यक्षात तीन गोष्टी: ईएसपी फॉरमॅट होऊ द्यायचं नाही, पेनड्राइव्ह चुकीच्या मोडमध्ये सुरू करायचा नाही, आणि यादीचा क्रम आपल्या हातात ठेवायचा.

तुमचा लॅपटॉप कोणत्या पद्धतीचा, हे कसं कळणार?

स्टार्ट मेन्यूत 'सिस्टीम इन्फर्मेशन' शोधा. उघडल्यावर 'बायोस मोड' अशी ओळ दिसेल. तिथे यूईएफआय लिहिलं असेल तर नवी पद्धत, 'लेगसी' असेल तर जुनी. थोडं खाली 'सिक्युअर बूट स्टेट' हीसुद्धा ओळ असते. ती चालू आहे की बंद तेही टिपून ठेवा.

पेनड्राइव्ह लावण्याआधीची तयारी

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात होतं, तयारीला एक संध्याकाळ जाऊ द्या. आणि ती संध्याकाळ महिन्याच्या १९ तारखेची नसावी, कारण दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीची मुदत २० तारखेची असते.

पहिलं काम अर्थातच बॅकअप. टॅलीचा डेटा फोल्डर, डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो, हे सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर घेतलेली प्रत हा बॅकअप नव्हे. डी ड्राइव्ह बहुधा त्याच डिस्कचा तुकडा असतो. शिवाय ८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलेशन मीडिया तयार करून ठेवा. दुरुस्तीची वेळ आलीच तर ते लागेल, आणि तेव्हा बिघडलेल्या लॅपटॉपवर ते बनवता येणार नाही.

दुसरं, बिटलॉकर. इथे अनेकजण फसतात, कारण आपल्या लॅपटॉपवर तो चालू आहे हेच माहीत नसतं. विंडोज ११ होममध्येही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप सुरू झालेलं असू शकतं. २४एच२ आवृत्तीपासून हे प्रमाण आणखी वाढलं आहे. डिस्क कुलूपबंद असते आणि किल्ली टीपीएम चिपमध्ये. बूट होण्याच्या मार्गात काही बदललेलं दिसलं, सिक्युअर बूट बंद केलं, बूट क्रम हलवला, तर चिप संशय घेते आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा कायमचा बंद. इथे सीताबर्डीतला कितीही हुशार कारागीर काही करू शकत नाही.

म्हणून सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आहे का ते बघा. असल्यास मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर जाऊन रिकव्हरी की उघडा आणि ती कागदावर लिहून घ्या. हो, कागदावर. फोनमध्ये फोटोही चालेल, पण त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही. त्यानंतर एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करायचं की नाही ते ठरवा. उबंटूचा इन्स्टॉलर बिटलॉकर चालू दिसल्यास पुढे जाण्यापासून अडवू शकतो, तेव्हा बंद करणं सोयीचं पडतं. काम झाल्यावर पुन्हा चालू करता येतं.

तिसरं, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. विंडोज स्वतःचा काही भाग डिस्कवर झोपवून ठेवतं म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येईल. अशा अर्धवट झोपलेल्या सी ड्राइव्हला लिनक्स सहसा फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि त्यात जबरदस्तीने लिहायला गेलं तर फाइल बिघडू शकतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आणि तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एक गंमतीची गोष्ट म्हणजे 'रीस्टार्ट' केलं तर विंडोज पूर्ण बंद होऊन उठतं, 'शट डाउन' केलं तर नाही.

चौथं, जागा मोकळी करणं. हे लिनक्सच्या इन्स्टॉलरवर न सोडता विंडोजमधूनच करावं. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. उबंटूला किमान २५ जीबी लागतात. रोज वापरायचं असेल तर ६० ते १०० जीबी द्या. कधी कधी सी ड्राइव्हवर १५० जीबी रिकामे असूनही विंडोज जेमतेम १० जीबीच काढू देतं. कारण डिस्कच्या मध्ये काही न हलवता येणाऱ्या फाइल बसलेल्या असतात. हायबरनेशन आणि सिस्टीम रिस्टोर तात्पुरतं बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न केला की बहुधा आकडा वाढतो. निघालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीत दिसेल. तिला तशीच राहू द्या, त्यावर नवा ड्राइव्ह बनवू नका.

डेस्कटॉप असेल तर यूपीएस असल्याशिवाय पार्टिशन लहान करायला घेऊ नका. मे-जूनच्या वादळात आपल्याकडे 'लाइन' कधी जाईल याचा नेम नाही, आणि पार्टिशन हलवताना लाइन जाणं ही या सगळ्या प्रकारातली खरोखर वाईट घटना आहे. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा.

इन्स्टॉल करताना नजर कुठे ठेवायची?

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यू उघडावा लागतो. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, आसुसवर एस्केप. या मेन्यूत काही वेळा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेलं आणि एकदा नुसतं. विंडोज यूईएफआयमध्ये असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय लिहिलेलाच निवडा. नुसता निवडला तर लिनक्स जुन्या पद्धतीने बसायला बघतं आणि दोघांची भाषाच जुळत नाही.

पहिल्यांदा 'ट्राय उबंटू' करून दहा मिनिटं चालवून बघा. वायफाय चालतं का, आवाज येतो का, टचपॅड नीट आहे का. यात डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही.

मग इन्स्टॉलर. काही लॅपटॉपवर इथे डिस्कच दिसत नाही. बहुधा इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी चालू असतं. बायोसमध्ये जाऊन ते झटकन बंद करण्याचा मोह होईल, पण तसं केलं तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मगच हा बदल करतात. हे जमेलसं वाटत नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

डिस्क दिसली की प्रश्न येतो, कुठे टाकू? 'इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर' हा पर्याय साध्या, एका डिस्कच्या लॅपटॉपसाठी ठीक आहे. 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोज, टॅली, फोटो सगळं जाणार. नावातच लिहिलंय, तरी घाईत हेच दाबलं जातं.

'मॅन्युअल' किंवा मिंटमधला 'समथिंग एल्स' हा पर्याय घेतलात तर मोकळ्या जागेत एक एक्स्ट४ पार्टिशन बनवा आणि माउंट पॉइंट म्हणून फक्त तिरकी रेघ निवडा. आता ते १०० एमबीचं ईएसपी यादीत दिसेल. लिनक्सला तेच वापरू द्यायचं, पण त्याच्यासमोरच्या 'फॉरमॅट'च्या चौकोनात खूण असता कामा नये. यूईएफआय लॅपटॉपवर विंडोजचा बूट लोडर खरोखर नष्ट करण्याची सोपी पद्धत कुठली असेल, तर ती ही एक खूण. 'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर बदलांची यादी दाखवली जाते. ती मोठ्याने वाचा. त्यात 'फॅट३२ म्हणून फॉरमॅट' असं काही दिसलं तर मागे या.

सगळ्यात निर्धास्त मार्ग: दुसरी डिस्क

बूट लोडरला अजिबात हात लावायचा नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हाच खरा उपाय. डेस्कटॉपमध्ये किंवा जागा असेल तर लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवायची. तिच्यावर लिनक्सचं स्वतःचं ईएसपी, स्वतःचं ग्रब. विंडोजची डिस्क जशी होती तशी. बायोसमध्ये पहिला क्रमांक विंडोजचाच ठेवायचा, आणि लिनक्स हवं तेव्हा बूट मेन्यूतून दुसरी डिस्क निवडायची. वडिलांना काही बदललेलं कळतही नाही.

यात एक खोच आहे. उबंटूचा जुना इन्स्टॉलर, जो लिनक्स मिंटनेही वर्षानुवर्षं वापरला, तुम्ही बूट लोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी ग्रबच्या फाइल पहिल्या डिस्कच्या ईएसपीमध्येच टाकतो. ही त्याच्याबद्दलची बरीच जुनी, नोंद झालेली तक्रार आहे. यूएसबीवरच्या पोर्टेबल एसएसडीवर लिनक्स टाकणाऱ्यांना याचा फटका बसतो: डिस्क काढून घेतली की लॅपटॉप ग्रबच्या काळ्या पडद्यावर, कारण ग्रबचं अर्धं अंग बाहेर गेलेलं.

उपाय अगदी हातोडी-छिन्नीचा आहे, पण चालतो. डेस्कटॉपमध्ये इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबलच काढून ठेवा. लॅपटॉपमध्ये काही कंपन्यांच्या बायोसमध्ये आतली डिस्क तात्पुरती बंद करता येते. जी डिस्क दिसतच नाही तिच्यावर कुठलाही इन्स्टॉलर काही लिहू शकत नाही.

सगळं नीट करूनही बिघडू शकतं का?

हो, आणि त्याचं ठळक उदाहरण ऑगस्ट २०२४ मधलं आहे.

सिक्युअर बूट म्हणजे फर्मवेअरने फक्त विश्वासू सही असलेला बूट लोडरच सुरू होऊ देणं. ही सही व्यवहारात मायक्रोसॉफ्टची असते. लिनक्सवाल्यांनी त्यासाठी 'शिम' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मध्ये ठेवला आहे. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि तो पुढे ग्रबला सुरू करतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या, असुरक्षित बूट लोडरना अडवणारी यादी लागू केली. ड्युअल बूट असलेल्या कॉम्प्युटरवर ती लागू होणार नाही असं कंपनीने म्हटलं होतं. पण काही प्रकारचं ड्युअल बूट ओळखता आलं नाही, आणि जगभरात अनेकांचं लिनक्स एका सकाळी 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असं म्हणून बंद पडलं. त्यांनी बूट लोडरला हातही लावलेला नव्हता. सिक्युअर बूट बंद करून लिनक्स सुरू करणं हा तेव्हाचा तात्पुरता उपाय होता. मायक्रोसॉफ्टची पक्की दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली.

म्हणून पेनड्राइव्ह बनवताना दोन-तीन वर्षांपूर्वी डाउनलोड केलेली फाइल वापरू नका, ताजी घ्या. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं २०२६ मध्ये मुदत संपून २०२३ च्या प्रमाणपत्रांना जागा देत आहेत, त्यामुळे लॅपटॉप कंपनीचे बायोस अपडेटही इन्स्टॉलच्या आधी करून घ्या.

विंडोज दिसेनासं झालंय, आता?

सर्वांत आधी, काहीही फॉरमॅट करू नका. लॅपटॉप बंद करून बूट मेन्यू उघडा आणि यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आहे का बघा. असेल तर निवडा. विंडोज सुरू झालं तर नुसता क्रम बदलला होता; बायोसमध्ये जाऊन तो पुन्हा वर करा, काम संपलं.

ग्रबचा मेन्यू येतो पण त्यात विंडोज नाही, हा वेगळा प्रकार. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम शोधणारं 'ओएस-प्रोबर' सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलं जातं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ते चालू करून ग्रब अपडेट केलं की विंडोजची ओळ परत येते.

यादीत विंडोज बूट मॅनेजर अजिबातच नसेल, तर ईएसपीमधल्या फाइल गेल्या असण्याची शक्यता आहे. मग तो तयार करून ठेवलेला विंडोजचा पेनड्राइव्ह लावा, 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' आणि तिथून 'स्टार्टअप रिपेअर'. त्याने भागलं नाही तर कमांड प्रॉम्प्टवरून बीसीडीबूट नावाच्या आज्ञेने विंडोज स्वतःच्या बूट फाइल नव्याने लिहू शकतं. हे दुकानदाराकडून करून घेत असाल तर शब्द नेमके वापरा: 'फॉरमॅट नको, फक्त बूट रिपेअर करा, डेटा तसाच हवा.'

लिनक्स काढायचं असेल तर क्रम उलटा

सेमिस्टर संपलं, आता लिनक्स नको. मग बहुतेक जण विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून लिनक्सचं पार्टिशन थेट डिलीट करतात आणि लॅपटॉप रीस्टार्ट करतात. ग्रब अजूनही यादीत पहिलं, पण त्याचं घर पाडलेलं. पुन्हा काळा पडदा.

आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा. दोन-तीनदा रीस्टार्ट करून थेट विंडोज सुरू होतं याची खात्री करा. मगच पार्टिशन काढा आणि ती जागा सी ड्राइव्हला जोडा. ईएसपीमध्ये 'उबंटू' नावाचा फोल्डर मागे राहील. तो काही एमबींचा असतो, राहू दिला तरी चालतो.

आणि घड्याळ साडेपाच तास मागे का?

ड्युअल बूट नीट झालं की दुसऱ्या दिवशी हमखास हा प्रश्न येतो. मदरबोर्डवरच्या बॅटरीच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स मात्र आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की विंडोज तीच वेळ भारतातली समजतं आणि घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे पडतं. वेळ चुकीची असेल तर बँकेच्या आणि जीएसटीच्या वेबसाइटही कधी कधी उघडत नाहीत. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने 'स्थानिक वेळ वापर' असं एकदा सांगितलं की दोघांचं घड्याळ जुळतं.

टर्मिनलची सवय नसेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही मोफत आहेत. त्यातले पहिले काही बघितले तरी वरच्या आज्ञा टाइप करताना हात थरथरत नाहीत.